सूचनाबाईंचा माईक

माझ्या सासूबाई बोलत नाहीत, सूचना देतात. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं की पाणी तापलेलं आहे, ज्यांना लवकर बाहेर पडायचं असेल त्यांनी आधी आंघोळ उरकावी, नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. घरात माणसं तीन. एक स्वतः बोलत होतं, दुसरं घोरत होतं. म्हणजे ती एवढी मोठी सूचना माझ्या एकटीसाठी होती. या बाईंशी आपलं पटणं कठीण आहे असं मी तेव्हाच ठरवलं, आणि पुढे बरीच वर्षं त्या ठरावाला जागले.

शाळेतली मुलं त्यांना सूचनाबाई म्हणतात. त्या भाषा शिकवायच्या. सकाळी सगळ्या शाळेला सूचना देण्याचं काम त्यांच्याकडे कधी आलं, हे आता कोणालाच आठवत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्ग सोडला, खडू सोडला, स्टाफरूममधली खुर्चीसुद्धा सोडली, माईक मात्र सोडला नाही. जा असं त्यांना कोणी म्हणालं नाही आणि राहू का असं त्यांनी कोणाला विचारलं नाही. रोज सकाळी त्या चालत शाळेत जायच्या, जिन्याशेजारच्या छोट्या खोलीत बसायच्या, सूचना द्यायच्या आणि घरी यायच्या. मग दिवसभर आम्ही होतोच.

त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण आहे. वाक्य कितीही लांब असो, त्या मध्येच अडकत नाहीत, त्यांना धाप लागत नाही, शेवटच्या क्रियापदापर्यंत त्या नीट पोचतात. आणि आपल्या भाषेत सगळा निकाल लागतो तो शेवटीच. पाचवी ते सातवीच्या ज्या विद्यार्थ्यांनी खेळाचे बूट आणले आहेत त्यांनी मधल्या सुट्टीनंतर मैदानावर, इथपर्यंत आल्या की सगळी शाळा श्वास रोखून उभी राहते, कारण मैदानावर जमायचं आहे की तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, हे अजून यायचं असतं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, लहानपणी आई रागावली तरी तो वाक्य संपायची वाट बघायचा, कारण कधीकधी शेवटी माफी निघायची.

आम्हा नवराबायकोचा धंदाही आवाजाचाच, पण यंत्रातल्या. तो शिडीवर चढतो, भिंतीला भोकं पाडतो, केबल ओढतो. मी खाली लॅपटॉप घेऊन बसते आणि त्याने टांगलेली वस्तू बोलती करते. आईंच्या शाळेचं काम आम्हाला मिळालं तेव्हा तिथे एका कपाटात एक म्हातारा अ‍ॅम्प्लिफायर होता, त्यातून निघालेल्या तारा, आणि तारांच्या टोकाला भोंगे. एका वर्गाला काही सांगायचं तरी साऱ्या शाळेच्या कानात ओरडावं लागे. त्याच्या जागी आम्ही नेटवर्कवरचे स्पीकर लावले. यात प्रत्येक स्पीकर हा कंप्युटरसारखा असतो, त्याला त्याचं नाव असतं, पत्ता असतो. लायब्ररीला हळू सांगा, मैदानाला मोठ्याने सांगा, छोट्यांच्या इमारतीला अजिबात सांगू नका, सगळं बोटाच्या टोकावर. शिवाय वर्गावर्गात स्क्रीन आणि सूचनांच्या खोलीत कॅमेरा, म्हणजे बोलणारं माणूस सगळ्यांना दिसणार.

काम चालू असताना आईंनी आम्हाला भंडावून सोडलं. केबल पट्टीतच बसवावी, लोंबकळू देऊ नये. ड्रिल मारताना खालून मुलं जात नाहीत ना हे आधी पाहावं. जेवणाची वेळ झालेली आहे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी त्यांना सरळ म्हटलंही की आई, हे आमचं रोजचं काम आहे. त्यावर त्यांनी सूचना दिली की रोजच्या कामातच चुका होतात, तरी संबंधितांनी लक्ष द्यावं.

एक गोष्ट मात्र आम्हाला घरात ठाऊक होती आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं. आईंना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. टीव्ही मोठा झाला होता, दारावरची बेल त्यांना कळेनाशी झाली होती, आणि विचारलं तर हल्ली लोकच पुटपुटतात असं त्यांचं म्हणणं होतं. त्या जुन्या खोलीच्या खिडकीबाहेर एक भोंगा होता. बोलताना त्या खिडकीकडे किंचित कलून बसायच्या. स्वतःचा आवाज बाहेरून कानावर पडला की त्यांची खात्री पटायची. आमच्या नव्या आराखड्यात तिथे स्पीकर नव्हता. माईकच्या इतक्या जवळ कोणी शहाणा माणूस स्पीकर लावत नाही, माईक शिट्टी मारायला लागतो.

माझ्या नवऱ्याने लावला. मला न विचारता, आमच्या पदरचा, अगदी खिडकीच्या बाहेर, तोंड जरा वळवून. माईकही असा निवडला की तोंडाशी बोललेलंच तो घेईल, लांबचं नाही. मी कुरकुर केली, मग गप्प बसले. त्या स्पीकरला यादीत नाव द्यायचं होतं तर त्याने दिलं ‘आई’. शाळेच्या कुठल्याही भागाला सूचना द्या, ‘आई’ वाजणारच, अशी व्यवस्था त्याने केली. आवाज पुरेसा मोठा नाही असं वाटून मी स्वतः तो दोन घरं वाढवला, हेही सांगून टाकते.

दुसरी भानगड होती ती चित्राची. चित्र वर्गात पोचायला आवाजापेक्षा अंमळ जास्त वेळ घेतं. त्यामुळे पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर बसले तर स्क्रीनवर माझा शब्द आधी यायचा आणि तोंड मागाहून हलायचं. नवऱ्याने हसून घेतलं आणि मग सगळ्या स्पीकरांचा आवाज किंचित रोखून धरला, सेकंदाचाही छोटासा तुकडा, की ओठ आणि शब्द बरोबर जुळले. स्वतःवर तो फार खूश झाला होता.

मग आम्ही तपासणी केली. आमच्या धंद्यातली माणसं माईकवर कधीही धड वाक्य बोलत नाहीत. हॅलो. थांबायचं. हॅलो. चेक. एक. दोन. फार तर तीन. तो खोलीत बसून हॅलो म्हणायचा आणि मी इमारतीइमारतीतून हिंडत त्याला फोनवर आलं, आलं, आलं असं सांगत होते. सगळीकडे स्वच्छ आलं. आम्ही शिड्या आवरल्या.

पहिल्या सोमवारी आई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. सूचना देताना त्या पहिल्यांदाच मुलांना दिसणार होत्या, नुसत्या ऐकू येणार नव्हत्या. आम्ही दोघं मागच्या एका वर्गात स्क्रीनसमोर उभे राहिलो. आईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं, गळा साफ केला आणि म्हणाल्या, सर्व विद्यार्थ्यांसाठी सूचना. ते छान आलं. मग पुढचं वाक्य सुरू झालं आणि काहीतरी बिनसलं. शब्द लांबायला लागले. विद्यार्थ्यांनी हा शब्द वि-विद्यार्थ्याआंनी असा आला. त्या थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, तोच शब्द पुन्हा तसाच. वाक्य अर्ध्यावर आलं आणि तिथेच गोल गोल फिरायला लागलं. पुढच्या बाकावरची मुलं फिसकन हसली. मग आईंनी हात पुढे करून माईक बंद केला, आणि स्क्रीनवर त्या नुसत्याच बसलेल्या दिसत राहिल्या. शेवटपर्यंत न पोचलेलं त्यांचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

आम्ही धावत वर गेलो. नवऱ्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता, त्याला पक्षाघाताची भीती वाटत होती. तसेच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात वर करायला लावले, हसायला लावलं, अवघड अवघड शब्द म्हणवून घेतले. आई घडाघडा बोलल्या, उलट डॉक्टरांचाच एक उच्चार त्यांनी सुधारला. कुठे काही सापडलं नाही. मग डॉक्टर फार प्रेमाने म्हणाले, वयाप्रमाणे थोडं इकडेतिकडे व्हायचंच. एवढं बोलून त्यांनी आमचं वाटोळं केलं.

कारण दवाखान्याच्या बाहेर नवऱ्याने मला सांगितलं, आईच्या आईचे शब्द असेच गेले होते. आधी अडखळणं, मग एकेक शब्द हरवणं, मग शेवटची काही वर्षं नुसती बघणं. आई तेव्हा तिच्याजवळ होती. मला आजवर हे माहीत नव्हतं. आई रिक्षात खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, आणि त्या कशाला भ्यायल्या आहेत ते मला एकदम कळलं.

त्या दिवसापासून घरातल्या सूचना बंद झाल्या. त्या बोलायच्या, पण लागेल तेवढंच. चहा झालाय. दार लाव. दोन शब्द, तीन शब्द, त्याच्या पुढे जायलाच तयार नाहीत, पुढे गेलं तर पाय घसरेल असं काहीतरी. पाणी तापून थंड झालं तरी कोणाची तक्रार नाही. ज्या बाईंनी पाच मिनिटं तोंड बंद ठेवावं म्हणून मी इतकी वर्षं हात जोडत होते, त्या गप्प बसल्या आणि मला ते सहन होईना. मी मुद्दाम ओला टॉवेल खुर्चीवर टाकून बघितला. त्यांनी तो उचलून नीट वाळत घातला आणि काही म्हणाल्या नाहीत. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मग एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, माझ्या जागी तुमच्या यंत्राचा आवाज लाव. आमच्या सिस्टीममध्ये तशी सोय होती, लिहून दिलेलं वाचून दाखवणारा एक बाईचा आवाज, गोड आणि कोरडा. मुख्याध्यापिकेने मला तीनदा विचारलं की बाई नक्की येणार नाहीत का, कारण ती स्वतः त्यांची विद्यार्थिनी. लावला तो आवाज. शाळेच्या कारकुनांनी नेहमीच्या पद्धतीने लिहून दिलं होतं, इ. ४ थी, स. ९ वा., आणि त्या बाईने पहिल्याच सकाळी सगळ्या शाळेला गंभीरपणे सांगितलं की इ चार थीच्या मुलांनी सनऊवा जमावे. दुपारपर्यंत सारी शाळा एकमेकांना सनऊवा म्हणत फिरत होती. एरवी हे मी घरी जाऊन रंगवून सांगितलं असतं. सांगितलं नाही.

त्या यंत्रबाईला शुद्ध बोलायला शिकवण्यासाठी मी रोज त्या खोलीत जाऊन बसू लागले. संक्षेप काढा, पूर्ण लिहा, ऐका, पुन्हा लिहा. अशीच बसले असताना समोरच्या छोट्या स्क्रीनवर मैदानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं, आणि त्यात मला बाकं घेऊन आलेला एक ट्रक दिसला. तो बाजूच्या फाटकातून आत आला आणि मागे मागे येत थेट आमच्या केबलच्या चरावर चढायच्या बेतात होता. आम्ही तो चर नुकताच बुजवून वर पातळ फरशा बसवल्या होत्या.

माझं तोंड कसं आहे हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. भांडणात मला शब्द शोधावा लागत नाही, शब्द दारात रांग लावून उभे असतात. मी माईक ओढला, मैदानाचं बटण दाबलं आणि पट्टा सोडला. अहो ट्रकवाले, ट्रक मागे घेऊ नका, खाली आमच्या केबल आहेत. निदान मला तसं म्हणायचं होतं. बाहेर पडलं ते, अहोओ ट्रट्रकवाले, माआगे घे, मागे घे, घेएऊ, मागे. नका हा शब्द काही केल्या तोंडातून सुटेना. ट्रकवाल्याने वर स्पीकरकडे बघून हात केला आणि आज्ञाधारकपणे ट्रक अजून मागे घेतला. दोन फरशा फुटल्याचं मी स्क्रीनवर बघितलं. खेळाचे सर धावत जाऊन त्याला थांबवेपर्यंत मी तिथे तोंड उघडं टाकून बसले होते.

पहिल्यांदा मला वाटलं, हे सांसर्गिक आहे. मग मी पुन्हा माईक चालू केला, मैदानाला माफी मागायला लागले, तर माफीचंही तेच. मी बोलत होते आणि खिडकीबाहेरून कोणीतरी माझ्या पाठोपाठ, माझ्याच आवाजात, एक पाऊल मागून बोलत होतं. ते ऐकलं की माझी जीभ त्याची वाट बघत थांबत होती. मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि बोलले. गुळगुळीत. बोटं काढली, पुन्हा लोळागोळा. घोडं कुठे पेंड खातंय ते मला समजलं. आधी राग आला, आणि त्याच्या मागोमाग असा काही आनंद आला की मी खुर्चीतून उठलेच.

नवऱ्याला फोन करून बोलावलं. काही न सांगता त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, हॅलो नाही, एक पूर्ण वाक्य बोल, लांब. तो बोलायला लागला आणि तिसऱ्या शब्दाला अडखळला. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. जुन्या भोंग्यातून आवाज त्याच क्षणी यायचा. आता आम्ही तो ओठांसाठी रोखून धरला होता, आणि आईला ऐकू यावं म्हणून तोच रोखलेला आवाज तिच्या कानाशी आणून टांगला होता. हॅलो आणि एक-दोनमध्ये ते कळलंच नाही, कारण दोन शब्दांच्या मध्ये आम्ही थांबतो. थांबत नव्हत्या त्या फक्त आई. तो खाली जमिनीवर बसला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी एवढी चूक मला सापडली असती तर मी ती वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरली असती. त्या दिवशी मी नुसती त्याच्या शेजारी बसले.

घरी येऊन त्याने आईंना सगळं सांगितलं. कागदावर चित्र काढून सांगितलं, स्पीकर, माईक, बाण. तो जितकं समजावून सांगत गेला तितका त्यांचा चेहरा मऊ होत गेला, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. तो थांबल्यावर त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "ती अडखळली की मी म्हणायचे, बाहेर फार गोंगाट आहे गं आई, त्याने तुझं लक्ष जातंय. गोंगाट नव्हता. तिलाही ते माहीत होतं."

मी मध्ये पडले, म्हटलं माझंही तसंच झालं, शाळेत चला आणि स्वतः माईकवर बोलून बघा, स्पीकर लावून आणि बंद करून. त्या म्हणाल्या, त्या माईकला मी आता हात लावणार नाही. एकदा सगळ्या मुलांसमोर झालं तेवढं पुरे. उद्या सकाळी जाऊन त्या खोलीची किल्ली परत देणार आहे.

तो हट्ट मोडण्यातला नव्हता. रात्रभर नवरा कुशी बदलत होता आणि मी त्यांच्या त्या म्हणण्यावर विचार करत होते. त्यांना आमचं खोटं वाटत नव्हतं, त्यांना आमची माया वाटत होती, आणि तिथेच सगळं अडलं होतं. त्याच्याकडे माया उदंड, त्यामुळे त्याची साक्ष बाद. राहिले मी.

सकाळी मी त्यांच्या आधी शाळेत पोचले. मुख्याध्यापिकेला एवढंच सांगितलं की किल्ली द्यायला आई येतील, त्यांना तुमच्या खोलीत बसवा आणि स्क्रीन चालू ठेवा. मग शाळेकडच्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडून यंत्रबाईला गप्प केलं, दिवसाच्या सूचनांचा कागद घेतला आणि कॅमेऱ्यासमोर बसले. सगळे वर्ग, लायब्ररी, मैदान, ऑफिस, सगळ्यांची बटणं दाबली. ‘आई’ अर्थातच चालू होता.

चारचौघांत माझं हसं झालेलं मला खपत नाही. एकदा सुट्टीला आलेला धाकटा दीर माझ्या गाण्याला हसला, तर त्यानंतर मी त्याच्यासमोर कधी गुणगुणलेसुद्धा नाही. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, तरी नाही. हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आईंना तर फारच. आणि त्या सकाळी मी साऱ्या शाळेसमोर स्पष्ट दिसत होते आणि माझ्या तोंडून निघत होतं, सर्व वि-विद्यार्थ्यांसाआठी सूसूचना. खाली एका वर्गात हशा पिकला, मग दुसऱ्या, मग जिन्यातून सगळाच्या सगळा वर आला. कानांत बोटं घालायची सोय होती. घातली नाहीत. वाचनालयाची पुस्तकं परत करण्याबद्दलचं एक वाक्य मी चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा पुस्तकंच परत येत राहिली. माझे कान गरम झाले, घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी कागद खालपर्यंत वाचला. मध्येच एकदा वाटलं की त्या आल्याच नसतील, आणि मी हे फुकट भोगते आहे.

दार उघडलं. आई दारात उभ्या होत्या, किल्ली हातात, जिना चढून धाप लागलेली. मी माईकचं बटण बंद केलं.

"तो बाहेरचा बंद कर," त्या म्हणाल्या.

मी यादीत ‘आई’ शोधला आणि बंद केला. मी विचारलं, तुम्हाला पटलं?

"मायेपोटी तू कदाचित खोटं बोलशील," त्या म्हणाल्या, "पण स्वतःचं हसं करून घेणार नाहीस. तेवढं ओळखते मी तुला."

मी खुर्चीतून उठले, त्या बसल्या. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. मग सवयीने खिडकीकडे कलल्या, जिथून आता काहीच येणार नव्हतं.

"पण मग माझं मला कळणार कसं?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "मला कमी ऐकू येतं गं."

मी म्हटलं, माहीत आहे आम्हाला. त्यांनी विचारलं, कोणाकोणाला माहीत आहे. मी म्हटलं, सगळ्यांना, दूधवाल्यालासुद्धा. त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी बाजूला बसले.

"मी इथे बसते," मी म्हटलं. "चुकलात तर सांगेन."

"ते तू सांगशीलच."

"आणि चांगलं झालं तर तेही सांगेन. ते मी आधीच सांगायला हवं होतं, आई. तुमच्यासारखं बोलणं मी दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं नाही."

माझा हात त्यांनी टेबलाखाली धरला, चांगला घट्ट, आणि दुसऱ्या हाताने माईक चालू केला.

"सर्व विद्यार्थ्यांसाठी सूचना," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर वाक्य सुरू झालं. "आत्ता तुमच्यासमोर ज्या अडखळत बोलल्या त्या माझ्या सूनबाई असून, एरवी त्यांच्या तोंडापुढे माझंसुद्धा काही चालत नाही, तरी त्यांच्या बोलण्याला जे जे विद्यार्थी मोठ्याने हसले, त्या सर्वांनी मधल्या सुट्टीत या खोलीसमोर एका ओळीत उभं राहून, एकेकाने पुढे येऊन, नीट डोळ्यांत बघून त्यांचे"

खाली शाळा चिडीचूप झाली होती. मीसुद्धा श्वास रोखला होता.

"आभार मानावेत. कारण ते हसणं त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं आहे."

मी त्यांचा हात दाबला, छान झालं असं सांगण्यासाठी, कारण तोंडाने सांगणं मला शक्य नव्हतं. मला रडू आलं होतं, नाक लाल करणारं, चेहरा वाकडा करणारं रडू. त्या पुढच्या सूचनेकडे वळल्या, वाचनालयाची पुस्तकं परत करण्याच्या. मी तोंड लपवायला बाजूला वळले आणि समोर कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा दिसला. मघाशी मी माईक बंद केला होता, कॅमेरा नाही. इतका वेळ वर्गावर्गातल्या स्क्रीनवर आम्ही दोघी दिसत होतो. मग मी पुन्हा सरळ झाले आणि वाक्य संपेपर्यंत तशीच त्यांच्या शेजारी बसून राहिले.